हिवाळ्यात कॅरिबियनला जायचंय? आधी कागद बघा, मग बेट

जानेवारीत न्यू जर्सीत पाचच्या सुमारास अंधार पडतो. दारातला बर्फ काळा झालेला असतो, मुलांची सर्दी हटत नाही, आणि भारतातून आलेले आई-बाबा हीटरशेजारच्या खुर्चीत बसून विचारतात, "आज तरी बाहेर पडता येईल का गं?" आमचे बाबा मालवणचे. जन्मभर समुद्राच्या वाऱ्यात वावरलेला माणूस तीन आठवडे खिडकीत बसून होता. त्यांना पाच दिवस ऊन मिळावं म्हणून मी कॅरिबियनची शोधाशोध सुरू केली.

फोटो बघून मी जमैका ठरवून टाकलं होतं. पैसे भरायच्या आदल्या रात्री नवऱ्याने सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडले, तेव्हा माझ्या एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टमधला स्टॅम्प आठ महिन्यांपूर्वीच संपल्याचं दिसलं. जमैकात मला विनाव्हिसा प्रवेश मिळाला असता, पण परत न्यूअर्कच्या विमानात कुणी बसू दिलं नसतं. त्या रात्री जमैका रद्द झालं आणि आम्ही अमेरिकेच्याच अखत्यारीतल्या पोर्तो रिकोला गेलो. त्यानंतर पुन्हा एकदा पोर्तो रिको आणि स्टॅम्प झाल्यावर अरुबा, अशा तीन सहली झाल्या. ओळखीतल्या प्रत्येकाला फोनवर हे सगळं सांगून झालंय. आता एकदा नीट लिहून ठेवते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या कुटुंबांसाठी आहे. कॅनडावाल्यांसाठी मध्ये दोन ओळी आहेत. पुण्या-मुंबईहून फक्त उन्हासाठी इतक्या लांब यायची गरज नाही, डिसेंबरात तुमच्याकडे ऊन छान असतं.

१. घरातल्या प्रत्येकाचे कागद टेबलावर मांडा

बेटाचं नावही काढण्याआधी हे करा. एका घरात चार जणांचे चार प्रकार असतात: एकाचं ग्रीन कार्ड, एकीचा एच-वन, इथे जन्मलेल्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट, आई-बाबांचा बी-टू, म्हणजे पर्यटक व्हिसा. ज्याचे कागद सगळ्यात नाजूक, त्याच्याप्रमाणे बेट ठरवायचं.

प्रत्येकाचं हे तपासा:

- पासपोर्टची मुदत. किमान सहा महिने शिल्लक हवेत.
- पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा, म्हणजे स्टॅम्प. परत यायच्या तारखेला तो चालू असायला हवा.
- आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत राहायची मुदत सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीवरची, शेवटची तारीख.
- एच-वन किंवा एच-फोर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा व्हिसा) असेल तर आय-७९७, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं सरकारी पत्र.
- इमिग्रेशनचा एखादा अर्ज प्रलंबित आहे का. एच-फोरवरून एफ-वन (विद्यार्थी) असा स्टेटस बदलायचा अर्ज टाकलेला असताना देशाबाहेर गेलात, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. ग्रीन कार्डचा शेवटचा टप्पा चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, मगच तिकीट काढा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "स्टॅम्प संपला असला तरी तीस दिवसांच्या आत परत आलं की चालतं," असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. ही सोय खरी आहे, पण एच-वनवाल्यांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांनाच आहे, त्यातही क्युबा वगळून. तेव्हा एच-वनचा स्टॅम्प संपलेला असेल तर जमैका, अरुबा, बार्बाडोस, बहामा सगळं विसरा. तिकडच्याच वकिलातीत स्टॅम्पिंग करून घेऊ, या भरवशावरही निघू नका.

आई-बाबांच्या बाबतीतही एक चूक होते. बी-टूवर सहा महिने मिळालेत, मध्ये एखाद्या बेटावर जाऊन आलो की नवे सहा महिने सुरू होतील, असं काही जण गृहीत धरतात. परत येताना किती मुदत द्यायची हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि जुनीच तारीख कायम राहू शकते. मुदत वाढवायला म्हणून ही सहल करू नका.

२. आता बेटांची चाळणी करा

ज्यांचा स्टॅम्प संपलाय किंवा ज्यांना परतीच्या इमिग्रेशनची धास्ती आहे, त्यांच्यासाठी दोनच जागा आहेत: पोर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन बेटं. इमिग्रेशनच्या हिशेबात हे दोन्ही प्रदेश अमेरिकेतच मोडतात, त्यामुळे तिथे गेल्याने तुम्ही देशाबाहेर गेलात असं होत नाही आणि आय-९४ तसाच राहतो. पहिल्या सहलीसाठी मी तर सगळ्यांनाच पोर्तो रिको सुचवते. डॉलर चालतो, बहुतेक अमेरिकन फोन प्लॅन चालतात, प्लगही तोच, आणि आई-बाबांना कुठल्याही खिडकीसमोर प्रश्नोत्तरं द्यावी लागत नाहीत.

मात्र तीन गोष्टी सांभाळा. एक, तिकीट थेट किंवा अमेरिकेतल्याच शहरातून बदलणारं घ्या. पनामा किंवा सांतो दोमिंगोमार्गे स्वस्त तिकीट दिसलं आणि घेतलं, तर तुम्ही देशाबाहेर गेलात. दोन, अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमस किंवा सेंट जॉनला गेलात तर शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या एका दिवसाच्या बोटसफरी जागोजागी विकत असतात. ती बेटं परदेश आहेत. स्टॅम्प संपलेल्यांनी त्या बोटीत पाऊल ठेवू नये. तीन, व्हर्जिन बेटांवरून मुख्य भूमीकडे परतताना विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी होते. तिथे पासपोर्ट, आय-९४ आणि आय-७९७ हाताशी लागतात. पोर्तो रिकोलाही हे सगळं मी सोबत नेतेच.

स्टॅम्प चालू असेल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर निवड मोठी आहे.

अरुबा: नेदरलँड्सच्या राज्याचा भाग. अमेरिकेचा चालू, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागत नाही. निघण्याआधी ऑनलाइन प्रवेश कार्ड मात्र भरावं लागतं.

डोमिनिकन रिपब्लिक: अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या चालू व्हिसावर पर्यटकांना प्रवेश मिळतो. पुंता काना इथे खाणं-पिणं-राहणं एकाच पैशात देणारी भरपूर रिसॉर्ट आहेत. इथेही 'ई-तिकीट' नावाचा प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो.

जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद: भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. क्रिकेटवेड्या घरात बार्बाडोसचं नाव निघतंच. २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान इथल्याच ब्रिजटाउनमध्ये आहे. आणि त्रिनिदादचं क्वीन्स पार्क ओव्हल म्हटलं की बाबांच्या पिढीला १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आठवतो: अजित वाडेकर कप्तान, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, आणि पहिल्याच मालिकेत सुनील गावसकरांच्या ७७४. त्रिनिदादला जाऊन लगेच भारतात जायचं असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. हे आधी माहीत नसेल तर भारतात उतरल्यावर खूप त्रास होतो.

क्युबाला अमेरिकेतून निव्वळ पर्यटनासाठी जाता येत नाही.

टोरांटोकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं की पोर्तो रिकोला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि मायामी किंवा शार्लटला नुसतं विमान बदलायलाही तो लागतो. कॅनडाहून थेट विमान असलेलं बेट घ्या.

प्रवेशाचे नियम बदलत असतात. पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. ट्रॅव्हल एजंटने "हो, चालतं" म्हटलं तरी बघा.

३. तारखा

कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, दिवसा २७-२८ अंश, संध्याकाळी वारा. म्हणूनच गर्दीही तेव्हाच. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सगळ्यात महाग, त्याखालोखाल फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा. मुलांची शाळा थोडी बुडवता येत असेल तर जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा उत्तम. मार्चपासून काही बेटांच्या किनाऱ्यांवर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून यायला लागतं, कुजलं की वासही येतो. जानेवारीत हा त्रास कमी.

वादळ येऊन गेलेल्या बेटाची चौकशी वेगळी करावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची वाताहत केली. अशा ठिकाणी जायला हरकत नाही, उलट तिथल्या लोकांना पर्यटकांची गरज असते. पण हॉटेल खरंच पूर्ण सुरू झालंय का, हे फोन करून विचारा. अरुबा आणि शेजारचं कुरासाव दक्षिणेला व्हेनेझुएलाजवळ आहेत, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बाहेर. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला जायचं असेल तर ती बेटं सुरक्षित.

४. थेट विमान नसेल तर ते बेट सोडा

पाच दिवसांच्या सहलीत जाता-येता दोन-दोन विमानं बदलली तर हातात तीनच दिवस उरतात. न्यूअर्कहून सॅन हुआन (पोर्तो रिकोची राजधानी) सुमारे चार तास, अरुबा पाचच्या आत. आई-बाबांचे गुडघे, मुलाची झोप, सगळं त्यात निभतं. विमानाने उतरून पुन्हा छोटं विमान किंवा बोट घ्यावी लागते अशी बेटं सुंदर आहेत, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ठेवा.

देशांतर्गत विमानासाठीही ७ मे २०२५ पासून रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांचं ओळखपत्र) लागतो. आई-बाबांना भारतीय पासपोर्ट दाखवून जाता येतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.

५. कुठल्या बाजूचा समुद्र, हे विचारा

बेट ठरलं तरी काम संपत नाही, कारण एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र असतात. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही, आणि जिवावर बेतणारी हीच आहे.

पोर्तो रिकोच्या उत्तरेला अटलांटिक आहे. हिवाळ्यात वर उत्तरेकडे वादळं होतात आणि त्यांच्या लाटा दोन-तीन दिवसांनी इथे पोचतात. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि पाणी मात्र खवळलेलं. सॅन हुआनची बहुतेक मोठी हॉटेलं याच किनाऱ्यावर आहेत. पहिल्या सकाळी आम्ही चपला काढून धावत पाण्याकडे निघालो, तर बाबा पुढे आले नाहीत. वाळूत उभे राहून दहा मिनिटं नुसते बघत होते. मग हात करून म्हणाले, "ती मधली पट्टी बघ. दोन्हीकडे लाट फुटते आणि तिथे फुटत नाही. मुलांना वाटेल तिथे पाणी शांत आहे. तिथनंच ते बाहेर ओढतंय. इथे आत जायचं नाही." मी मालवणात वाढले, पण ती पट्टी मला आधी दिसली नव्हती. पंधरा मिनिटांनी दूरवर लाल बावटाही दिसला.

त्या दिवशी आम्ही गाडीने पूर्वेला लुकियोच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे प्रवाळाच्या आडोशामुळे पाणी संथ असतं. माझा सात वर्षांचा लेक कमरेइतक्या पाण्यात दोन तास होता.

तेव्हा हॉटेल घेताना नकाशा उघडा आणि किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघा. साधारणपणे कॅरिबियनकडची, म्हणजे दक्षिण आणि पश्चिमेची बाजू हिवाळ्यात शांत असते. पश्चिमेला असूनही पोर्तो रिकोचं रिंकोन हे गाव हिवाळ्यातल्या मोठ्या लाटांसाठी, सर्फिंगवाल्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा तिथे लहान मुलांना नेऊ नका. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. चुकून ओढले गेलातच, तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या.

ज्यांना पोहता येत नाही, बरोबर लहान मुलं आणि वयस्कर माणसं आहेत आणि स्टॅम्प चालू आहे, त्यांच्यासाठी अरुबा सगळ्यात निवांत. तिथले पाम बीच, ईगल बीच पश्चिमेकडे तोंड करून आहेत, आणि दक्षिण टोकाला बेबी बीच नावाचं उथळ खाजण आहे. वारा मात्र सतत असतो. ईगल बीचवरची झाडं त्या वाऱ्याने एकाच बाजूला वाकून वाढली आहेत. आईने डोक्याला रुमाल बांधूनच सगळी सहल केली. हिरवाई तिथे बघायला मिळणार नाही, निवडुंग आणि खडक आहेत. नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं आणि ते बिनधास्त पिता येतं.

६. खाण्याची तयारी

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा.

पोर्तो रिकोचा घरोघरचा पदार्थ म्हणजे 'अर्रोस कोन गांदुलेस'. ताट समोर आलं आणि आई वाकून बघत म्हणाली, "अगो, ह्या तुरी!" खरंच तुरीच. गांदुलेस म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, त्यांचा मसालेदार भात. आपल्याकडच्या थंडीत तुरीचे सोले घालून भात करतात, अगदी तसा. आईचे डोळे भरून आले. पण त्या भातात बहुतेक ठिकाणी हॅमचे किंवा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि ते दोन घास खाल्ल्यावर आमच्या लक्षात आलं. आई शाकाहारी. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी पुढे जेवली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

'सिन कार्ने' म्हणजे बिनमांसाचं, असं मी पाठ करून गेले होते. पण तिकडे 'कार्ने' म्हटलं की पुष्कळांना फक्त गोमांस समजतं. म्हणून पूर्ण यादी म्हणायची: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो." मांस नको, कोंबडी नको, हॅम नको, मासा नको. फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. राजम्यासारख्या कडधान्याच्या उसळीतही, जिला 'हाबिचुएलास' म्हणतात, हॅम असू शकतो. 'मोफोंगो' म्हणजे तळलेल्या कच्च्या केळ्यांचा लसूण घालून ठेचलेला गोळा, त्यातही डुकराची तळलेली कातडी घालतात. बिनधोक पदार्थ म्हणजे 'तोस्तोनेस', कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले जाड काप. त्यावर मीठ आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी घातली की आईचं जेवण झालं.

जमैकात रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' नावाचं जेवण मिळतं, ते मांसाविना असतं. त्रिनिदादला 'डबल्स' खा: दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोले. १८४५ साली 'फतेल रझाक' जहाजातून तिथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा हा वारसा. मासे खाणाऱ्यांना कुठल्याच बेटावर काळजी नाही, बाबा रोज खूश होते.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. एक छोटा कुकर, अर्धा किलो तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, एवढ्याने रात्रीची खिचडी होते. दिवसभर उन्हात भटकून आल्यावर ती खिचडी सगळ्यांनाच हवी असते.

७. गाडी, वीज, खोली

गाडी भाड्याने घ्यायची तर विमानाबरोबरच बुक करा, हिवाळ्यात गाड्या संपतात. पोर्तो रिकोत गाडी अमेरिकेसारखीच उजवीकडून चालते. मात्र अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये, वेगाच्या पाट्या मैलांत आणि पेट्रोल लिटरमध्ये, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. जमैका आणि बार्बाडोसला आपल्याकडच्यासारखं डावीकडून. अमेरिकन व्हर्जिन बेटांवरही डावीकडून, पण गाडीचं स्टिअरिंगही डावीकडे. पहिला दिवस सावकाश चालवा.

टोलबद्दल गाडी घेतानाच लेखी विचारा. आम्हाला घरी आल्यावर एका गाडीवाल्या कंपनीने टोलपेक्षा कितीतरी जास्त 'सेवाशुल्क' लावलेलं बिल पाठवलं. रोजचं शुल्क किती, टोल वेगळा का, हे आधी विचारलं असतं तर टळलं असतं.

पोर्तो रिकोत वीज जाते. ३१ डिसेंबर २०२४ ला पहाटे जवळजवळ अख्खं बेट अंधारात गेलं होतं. बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: जनरेटर आहे का? आई-बाबांचं इन्सुलिन किंवा श्वासाचं यंत्र असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी. आणि खोलीच्या जाहिरातीतल्या दरावर 'रिसॉर्ट फी' आणि कर लागून एकूण आकडा काय होतो, तोच आकडा दुसऱ्या हॉटेलशी ताडून बघा.

८. बॅगेत काय हवं

- सगळ्यांचे पासपोर्ट, आय-९४ ची छापील प्रत, आय-७९७, ग्रीन कार्ड. फोनवरही फोटो.
- लहान मूल एकाच पालकाबरोबर परदेशी बेटावर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र.
- आई-बाबांचा आरोग्य विमा अमेरिकेबाहेरच्या बेटावर लागू आहे का, याचा विमा कंपनीकडून लेखी होकार.
- औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- खनिज सनस्क्रीन, म्हणजे झिंक ऑक्साइडचं. प्रवाळाला घातक असलेल्या ऑक्सिबेन्झोनच्या क्रीमवर अमेरिकन व्हर्जिन बेटांवर आणि अरुबाला बंदी आहे. बाटलीच्या मागची यादी वाचा.
- डास पळवणारं मलम. २०२४ मध्ये पोर्तो रिकोत डेंग्यूमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
- पाण्यात घालायच्या चपला, मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट.
- एकच पातळ जॅकेट. जाडे कोट विमानतळावर सोडायला आलेल्याकडे परत द्या, नाहीतर पाच दिवस ते सांभाळत बसावं लागतं.

९. पोर्तो रिकोत काय बघाल

पाच दिवसांत तीन गोष्टी पुरे. बाकीचा वेळ पाण्यात आणि सावलीत.

पहिली, जुनं सॅन हुआन आणि एल मोरोचा किल्ला. स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये तो बांधायला घेतला. एकाच तिकिटावर सॅन क्रिस्तोबालचा दुसरा किल्लाही बघता येतो. सकाळी किल्ला उघडतो तेव्हाच जा, अकरानंतर तिथे सावली नाही. बाबा तटावरून खाली आपटणाऱ्या लाटांकडे बघत आमच्या सिंधुदुर्गाबद्दल लेकाला सांगत बसले, तट कसा नागमोडी आहे, शिसं कसं ओतलं. पण त्यांना जास्त आवडलं ते किल्ल्यासमोरचं मोठं हिरवं मैदान. समुद्राचा वारा तिथे थेट येतो आणि लोक पतंग उडवतात. पतंगाला तिकडे 'चिरिंगा' म्हणतात. त्या दिवशी योगायोगाने संक्रांत होती. आईने पिशवीतून तिळगूळ काढला आणि पतंग विकणाऱ्या आजींच्या हातावर ठेवला. आजींनी तो खाल्ला, मान डोलावली आणि लेकाला शेपटीसाठी एक जास्तीची लाल फीत दिली. तीन आठवड्यांनी बाबांच्या चेहऱ्यावर ऊन दिसलं.

दुसरी, एल युंके. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं हे एकमेव उष्णकटिबंधीय पर्जन्यवन. जायच्या आधी गेटचे नियम आणि कुठल्या वाटा खुल्या आहेत ते बघा. रेनकोट लागतो, ऊन असलं तरी.

तिसरी, रात्री चमकणारं पाणी. फाहार्दोची लगुना ग्रांदे, व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे आणि लाहासजवळची ला पार्गेरा, अशा तीन खाड्या आहेत. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळलं की निळसर उजळतात. यासाठी चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणून कालनिर्णय काढा, अमावस्येच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस बघा आणि त्याच रात्रीचं बुकिंग करा. पौर्णिमेला गेलेले लोक काहीच दिसलं नाही म्हणून हिरमुसून येतात. फाहार्दोला कांदळवनातल्या अरुंद, काळोख्या वाटेने वल्हवत जावं लागतं. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी ला पार्गेराची मोटरबोट घ्यावी. मी हात पाण्यात बुडवला आणि वर काढला, तर मनगटावरून ठिणग्या ओघळत होत्या. लेक कुजबुजत म्हणाला, "आई, थांब, हलू नको," आणि मग दोघंही बराच वेळ बोटं हलवत बसलो.

व्हिएकेस किंवा कुलेब्राची बोट सेइबाहून सुटते. तिची तिकिटं लवकर संपतात आणि भाड्याची गाडी बोटीवर नेता येत नाही. पहिल्या सहलीत ही दोन बेटं घेऊ नका.

१०. परतताना

सॅन हुआनच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरआधी शेतीखात्याची तपासणी असते, सगळ्या बॅगा यंत्रातून जातात. ताजे आंबे नेता येत नाहीत. नारळ आणि अननस चालतात. या रांगेसाठी अर्धा तास जास्त धरा.

अरुबाहून परतताना अमेरिकेचं इमिग्रेशन अरुबाच्याच विमानतळावर होतं. तीन तास आधी पोचा. शनिवार-रविवारच्या दुपारी रांग फार लांब असते. फायदा असा की न्यूअर्कला उतरल्यावर थेट बाहेर पडता येतं.

परदेशी बेटावरून आलात तर घरी पोचल्यावर त्याच रात्री सरकारी संकेतस्थळावरून प्रत्येकाचा नवा आय-९४ उतरवून तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळतो, आय-७९७ वर पुढची तारीख असली तरी. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे चार महिन्यांनी लक्षात आलं आणि वकिलाकडे धावाधाव झाली. चुकीची तारीख पडली असेल तर लगेच कळवता येतं. बॅगा सकाळी उघडा, हे मात्र रात्रीच करा.